कोणाचे युद्ध, कोणाचा वीर : नाईक यशवंत घाडगे



इटलीत १९४४ च्या उन्हाळ्यात मारल्या गेलेल्या एका बावीस वर्षांच्या नाईकाबद्दल आज मला बोलायचे आहे. नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव; जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूचे मशिनगनचे ठाणे त्यांनी एकट्याने घेतले आणि त्याच ठाण्यात प्राण सोडला. नोव्हेंबरात लंडन गॅझेटमध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. करी रोड-लालबागच्या या वस्तीत माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा इकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. इथे तर त्यांची ओळख करून द्यायची गरज पडू नये. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि माणूस समजून घेणे वेगळे. घाडग्यांच्या बाबतीत आपण दोनच गोष्टी करत आलो. एक तर पदकाचा आणि पराक्रमाचा जयजयकार करायचा आणि पुढे काही विचारायचे नाही. नाही तर फौज इंग्रजांची होती हे आठवून जरा अवघडून गप्प बसायचे. या दोन्ही वाटांनी तो बावीस वर्षांचा तरुण आपल्या हातून निसटतो, असे माझे म्हणणे आहे. युद्धात उतरण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, त्यांच्या देशाचाही नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मात्र १० जुलैच्या त्या थोड्या मिनिटांतला निर्णय संपूर्णपणे त्यांचा होता. तो कोणासाठी घेतला गेला हे पुराव्यावरून बऱ्याच अंशी सांगता येते, आणि त्यासाठी त्यांना मान देताना साम्राज्याला मान द्यावा लागत नाही. आज एवढेच मांडायचे आहे, पण ते नीट मांडायचे आहे.

आधी त्या दिवसाची परिस्थिती पाहू. इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये शरणागती पत्करली होती. त्यानंतर तिथे लढत होती ती मुख्यतः जर्मन फौज. ४ जून १९४४ ला रोम पडले. जर्मन सेनापती केसेलरिंगला उत्तरेकडची गॉथिक लाइन नावाची संरक्षक फळी तयार करायला वेळ हवा होता, आणि तो वेळ तो डोंगराडोंगरावर विकत घेत होता. पद्धत ठरलेली. दोन खोऱ्यांमधल्या सोंडेवर थोडी माणसे, चांगल्या मशिनगन, पुढे सुरुंग, बाजूला दडवलेले नेमबाज. चाल करून येणाऱ्याचे जमेल तेवढे नुकसान करायचे आणि रात्री पुढच्या सोंडेवर सरकायचे. अशा लढाईत तोफा आणि विमाने काही अंतरापर्यंतच कामाची असतात. शेवटचे शंभर पावलांचे अंतर पायदळालाच चालावे लागते, आणि म्हणून सर्वाधिक माणसेही पायदळाचीच पडतात. टायबरच्या वरच्या खोऱ्यात हे काम दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होते. तिचे सेनापती मेजर जनरल डेनिस रीड हे १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत याच तिसऱ्या मराठा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर होते. म्हणजे ज्या पलटणीला ते डोंगर चढायला लावत होते ती त्यांना आतून माहीत होती. डिव्हिजनने जुलैत माँटोने घेतले आणि २२ जुलैला चित्ता दी कास्तेल्लो. या दोन गावांच्या परिसरातल्या उंचवट्यांवरच्या लढाईत घाडगे पडले.

पदकाच्या अधिकृत नोंदीत जे सांगितले आहे ते थोडक्यात असे. कंपनीने मजबूत मोर्चावर हल्ला चढवला. घाडगे ज्या सेक्शनचे प्रमुख होते तिच्यावर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि प्रमुख सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. आपल्याबरोबर यायला कोणी उरलेले नाही हे पुरते ठाऊक असताना घाडगे टॉमीगन चालवत थेट ठाण्यावर धावले. प्रथम हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला. मग एकाला गोळी घातली. मॅगझिन संपले आणि बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. त्यानंतर नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या.

या हकिकतीतला शेवटचा भाग, बंदूक उलटी धरण्याचा, सगळ्यांच्या लक्षात राहतो. भाषणांत, लेखांत तोच रंगवला जातो. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा, सेक्शनचा तपशील. सेक्शन म्हणजे पायदळातला सर्वांत लहान गट, दहाच्या आसपास माणसे. तिचा प्रमुख नाईक. त्याच्याकडे नकाशे नसतात, मोहिमेची आखणी नसते. त्याच्याकडे असतात ती ही दहा माणसे. कोणाच्या पायाला फोड आले आहेत, कोणाला घरून पत्र आलेले नाही, कोण माऱ्याखाली गोठतो आणि कोण उतावीळ होतो, हे नाईकाला माहीत असावे लागते, कारण तो त्यांच्यातच जेवतो आणि त्यांच्यातच झोपतो. कर्नलला पलटण दिसते. नाईकाला माणसे दिसतात. आता त्या सोंडेवरचे चित्र डोळ्यांसमोर आणा. सेक्शनमधले काही मेले आहेत, काही जखमी होऊन पडले आहेत. मशिनगन अगदी जवळ आहे आणि चालू आहे. जो हलेल, ओरडेल, सरकायचा प्रयत्न करेल तो तिच्या टप्प्यात आहे. धडधाकट उरलेल्या माणसापुढे दोन रस्ते आहेत. जमिनीला चिकटून पडून राहायचे आणि मागून मदत येण्याची वाट पाहायची. यात बेअब्रू काहीच नाही, कोणताही अधिकारी त्याबद्दल जाब विचारणार नाही. किंवा ती गन बंद पाडायची. जखमींना तिथून हलवण्याआधी ती बंद होणे भाग होते. घाडग्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते ते कोणीच सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. कृतीचा परिणाम मात्र सांगता येतो. गन थांबली, आणि ती ज्यांच्यावर रोखलेली होती ते सर्वांत आधी त्यांच्याच सेक्शनचे जखमी होते. धावण्याआधी त्यांनी जे गमावले होते तेही तेच होते, आणि धावून जे वाचवता येण्यासारखे होते तेही तेच. या कृतीचा जवळचा, हाताशी असलेला अर्थ हा आहे. सम्राट, साम्राज्य, लंडन हे सगळे त्याच्या फार मागे राहते.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की पदकाची नोंद हीच मुळी विश्वासार्ह कशी मानायची? ती गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली, युद्धप्रचाराच्या काळातली, आणि हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस देऊन भरतीला चालना देण्यात सरकारचा स्वार्थ होताच. स्वार्थ होता हे उघड आहे. १९११ पर्यंत हिंदी सैनिकाला हे पदक मिळूच शकत नव्हते; ते खुले झाल्यावर सरकारने प्रत्येक पदकाचा पुरेपूर प्रचार केला. परंतु प्रचारासाठी एखादी गोष्ट वापरली गेली म्हणून ती घडलीच नाही, असे होत नाही. या पदकाची शिफारस प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीवाचून पुढे सरकत नसे. शिवाय नोंदीत जे तपशील आहेत ते युद्धशास्त्राला धरून आहेत: टॉमीगनचे मॅगझिन सलग मारा केला तर काही सेकंदांत संपते, त्या गनचे वजन पाच किलोच्या घरात असते, आणि मशिनगनच्या ठाण्याला बाजूने नेमबाजांचे संरक्षण देणे ही जर्मनांची नेहमीची रीत होती. बनावट शौर्यकथा इतक्या रोखठोक नसतात, आणि त्यांचा नायक काम संपल्यावर पाठीत गोळी लागून मरत नाही. म्हणून नोंदीवर माझा विश्वास आहे. तिने जे लिहिले नाही त्याची खंत मात्र आहे. सेक्शनमधल्या इतरांची नावे तिच्यात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो या वस्तीत तरी टाळता येणार नाही. हे लोक पोटासाठी फौजेत गेले. पगारी माणसाच्या मरणाला बलिदान कसे म्हणायचे? कोकणातून फौजेत जाण्याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. भाताचे एक पीक, वरकस जमीन, वर खोत. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप करून जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. ज्या जिल्ह्यात जमिनीवर पोट भरणे इतके कठीण होते, तिथल्या मुलांपुढे दोन दारे उघडी होती: मुंबईची गिरणी आणि बेळगावचे मराठा रेजिमेंटचे केंद्र. अनेक घरांतून एक भाऊ इकडे आला, एक तिकडे गेला, आणि दोघांच्याही मनीऑर्डरीवर गावचे घर चालले. युद्धाच्या वर्षांत तर इकडच्या गिरण्या जादा पाळ्या लावून फौजेचे कापड विणत होत्या. तेव्हा पोटासाठी गेले हे खरेच. पण करी रोडच्या माणसाने हा आक्षेप घेताना एक गोष्ट आठवावी. गिरणीत आलेला माणूसही पोटासाठीच आला होता. तोच माणूस मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी संपावर गेला, उपाशी राहिला, आणि शेजारच्या खोलीतला मोडत नाही तोवर आपण मोडायचे नाही म्हणून टिकून राहिला. त्याच्या एकजुटीला आपण पगारी म्हणत नाही. पोटाने माणसाला कारखान्याच्या किंवा पलटणीच्या दारापर्यंत आणले. आत गेल्यावर तो सोबत्यांशी कसा वागला याचा हिशेब पगारात मांडता येत नाही. गरिबी घाडग्यांच्या भरतीचे कारण असेल. ते सोंडेवर उठून धावले याचे कारण ती होऊ शकत नाही, कारण तेवढ्याच पगारात पडून राहता येत होते.

आता सर्वांत अवघड प्रश्न. त्याच कुलाबा जिल्ह्यात, माथेरानला, १९१२ मध्ये विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. नाभिक समाजातले, वकील झालेले, शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या चालवणारे. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. घाडग्यांचे मरण त्यानंतर दीड वर्षाने. एकाच जिल्ह्याची दोन माणसे: एकाने इंग्रज सरकारशी लढताना प्राण दिला, दुसऱ्याने इंग्रज सरकारच्या गणवेशात. साताऱ्यात वडूजला निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. बंगालच्या दुष्काळात १९४३ मध्ये लाखो माणसे तडफडून मेली आणि सरकारची युद्धाची गरज त्या मरणाच्या कारणांपैकी एक होती. अशा सरकारच्या फौजेतल्या शिपायाला वीर म्हणणे हा कोतवालांचा अपमान नाही का, असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझे उत्तर असे आहे. कोतवालांनी जो निर्णय घेतला तो राजकीय निर्णय होता, आणि तो बरोबर होता. ज्या राज्याला त्यांनी आव्हान दिले ते राज्य अन्यायी होते. यात घाडग्यांच्या शौर्याने तसूभरही फरक पडत नाही. पण कोतवालांचा मान राखण्यासाठी घाडग्यांना गद्दार ठरवावे लागते, हे गृहीतच चूक आहे. त्यासाठी आधी असे दाखवावे लागेल की त्या वर्षांत एकच योग्य मार्ग होता, तो सर्वांना दिसत होता, आणि घाडग्यांनी तो दिसत असून सोडला.

तसा तो दिसत होता का? देशाचे पुढारी तरी काय म्हणत होते ते पाहा. नेहरूंनी १९३६ मध्ये रोममधून जाताना मुसोलिनीची भेट नाकारली होती. फॅसिझमविरुद्ध त्यांच्याइतके स्पष्ट कोणी बोलले नसेल. तरीही १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. जुलै १९४० मध्ये काँग्रेसनेच राष्ट्रीय सरकार दिल्यास संरक्षणात सहकार्य करू असे म्हटले, ऑक्टोबरात गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला. सावरकर हिंदू तरुणांना फौजेत जा असे सांगत होते. आंबेडकर नाझीवादाचा पराभव ही पहिली गरज मानून जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या गिरणगावात ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता ते लाल बावट्याचे कम्युनिस्ट जून १९४१ पर्यंत युद्धाला साम्राज्यवादी म्हणत होते आणि हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हणू लागले. सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना जपानच्या मदतीने इंफाळच्या वेशीपर्यंत पोहोचली. ज्या जुलैत घाडगे इटलीत पडले त्याच जुलैत ती मोहीम कोसळत होती, आणि इंफाळच्या डोंगरांत दोन्ही बाजूंनी हिंदी माणसे मरत होती. हे सगळे पुढारी प्रामाणिक होते असे मी मानतो. पण देशाचे सगळ्यांत अभ्यासू लोक ज्या प्रश्नावर पाच दिशांना गेले, त्याचे एकच उत्तर पळसगावच्या विशीतल्या मुलाने काढायला हवे होते आणि ते चुकले म्हणून त्याला आपल्या स्मृतीबाहेर ठेवायचे, हा न्याय नव्हे. त्या निर्णयाचा भार ज्यांनी देशाला न विचारता युद्धात लोटले त्यांच्यावर आहे. तो भार खाली सरकवत शेवटी नाईकाच्या खांद्यावर आणून ठेवायचा, हे मला पटत नाही.

आणि समोरचा शत्रू कोण होता हेही विसरून चालणार नाही. टायबरच्या खोऱ्यापासून जवळच गुब्बिओ नावाचे गाव आहे. २२ जून १९४४ ला, घाडग्यांच्या मृत्यूच्या अडीच आठवडे आधी, जर्मनांनी तिथल्या ४० निरपराध गावकऱ्यांना ओळीने उभे करून सूड म्हणून गोळ्या घातल्या. त्याच महिन्याच्या २९ तारखेला अरेझ्झोजवळच्या चिवितेल्ला गावात आणि आसपास दोनशेहून अधिक माणसे अशीच मारली. इंग्रज हिंदुस्थानात अन्याय करत होते म्हणून गुब्बिओतला अन्याय खोटा ठरत नाही. पळसगावच्या माणसाला गुब्बिओचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सोंडेमागून सोंड घेतली त्याचा परिणाम म्हणून त्या खोऱ्यातल्या गावांवरचा तो अंमल संपला. हे तिथल्या लोकांनी लक्षात ठेवले. २०२३ च्या जुलैत माँटोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन युद्ध-इतिहासकारांनी तिथे यशवंत घाडग्यांच्या नावाने एक सौरघटिका उभारली. तिच्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीच्या मोहिमेत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमधून ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. ५,७८२ तिथेच राहिले. परक्या देशातल्या एका लहान गावाला त्यांच्यातल्या एकाचे नाव घ्यावेसे वाटते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या मोहिमेला जेमतेम एखादी ओळ मिळते, ही गोष्ट मला लाजेची वाटते.

घाडग्यांनी जे केले ते भयंकर होते, हेही तेवढ्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. समोरच्या दोन माणसांना दस्त्याने ठेचून मारणे ही गौरवगीतात घालायची गोष्ट नाही. तेही कोणाचे तरी मुलगे होते. ज्यांना शौर्यकथा आवडतात ते हा भाग चवीने सांगतात. ज्यांना युद्धाचा तिटकारा आहे ते त्याकडे बोट दाखवून सगळीच कथा नाकारतात. मला वाटते, तो भाग आहे तसा सांगितला पाहिजे, कारण पायदळाचे युद्ध नेमके कसे असते ते त्यातच दिसते. त्यात माणूस माणसाला हातभर अंतरावरून मारतो, आणि मारण्याखेरीज दुसरा मार्ग उरणार नाही अशा जागी त्याला इतर माणसांनी नेऊन सोडलेले असते. शौर्य मान्य करणे म्हणजे युद्ध मान्य करणे नव्हे. पण युद्ध नाकारायचे म्हणून, त्यात अडकलेल्या एका तरुणाने आपल्या जखमी सोबत्यांकडे पाठ फिरवली नाही ही गोष्ट नाकारणे हीदेखील एक प्रकारची निष्ठुरताच आहे.

आणखी एका सापळ्याकडे लक्ष वेधतो. घाडग्यांचे नाव घेताना काही जण लढाऊ जातींचा सिद्धान्त पुन्हा बाहेर काढतात: मराठ्याच्या रक्तातच ते आहे, वगैरे. हा सिद्धान्त सरकारने आपल्या सोयीसाठी घडवला होता, आणि त्याची सर्वांत कठोर परीक्षा कोकणातच झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या फौजेत मोठ्या संख्येने असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद करण्यात आली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक; त्यांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदारही याच परंपरेतले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी झाली. रक्त तेच होते, गरज बदलत होती. इटलीतच पाहा. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सेनेला मिळाले: राजस्थानातला कमल राम, पठाण अली हैदर, दोन गुरखे, आणि आपले यशवंत घाडगे व नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे पहिल्या मराठा पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना एकापाठोपाठ एक बाहेर काढले आणि मग परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली. ते जगले, १९८४ पर्यंत. त्यांच्या कृतीचा क्रम ध्यानात घ्या: आधी जखमी, मग ठाणी. घाडग्यांच्या बाबतीत जे अनुमानाने सांगावे लागते ते जाधवांच्या बाबतीत नोंदीतच लिहिलेले आहे. मराठा पलटणींतले हे दोन्ही क्रॉस सोबत्यांपासून सुरू होतात, आणि त्याचा जातीशी काही संबंध नाही.

राहता राहिला प्रश्न फौज कोणाची होती याचा. घाडग्यांची तिसरी पलटण १९४७ नंतर भारताची झाली. १९४७-४८ मध्ये ती ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर नौशेरा-झांगड भागात काश्मीरसाठी लढली. पुढे तीच पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली, आणि ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला छत्रीने उतरून ढाक्याकडे गेली. टांगाईलच्या जवानांचा आपल्याला निःसंकोच अभिमान आहे. त्यांनी जी शिस्त आणि सेक्शनची जी निष्ठा बरोबर नेली, ती १९४७ च्या मध्यरात्री नव्याने निर्माण झालेली नव्हती. ती केरेनहून, टायबरहून आली होती. वारसा घ्यायचा आणि ज्यांच्याकडून आला त्यांना परके म्हणायचे, हे जमणारे नाही.

मग करायचे काय? पुतळे पुरेसे आहेत, असे मला वाटते. घाडग्यांचे अवशेष कोणत्याही ज्ञात समाधीत नाहीत. इटलीतल्या कसिनो स्मारकावर, ज्यांची कबर माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे. तिथेच मराठा पलटणींतल्या इतरांचीही नावे आहेत, आणि ती आपण कधी वाचलेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्या आता सर्वांना पाहता येतात. त्यांतल्या पुष्कळ नोंदींत शिपायाच्या वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो, मात्र रोमन लिपीत आणि इंग्रजी कानाला ऐकू आला तसा. पळसगावसारखे नाव ओळखता येईल. पण वाड्या, पाडे, बदललेली तालुक्यांची नावे, चुकीची लिहिलेली आडनावे ओळखायला त्या मुलखाचा माणूस लागतो. हे काम दिल्लीत किंवा लंडनमध्ये होणारे नाही. ते या भागातली ग्रामस्थ मंडळे करू शकतात. गावच्या पालखीसाठी, शाळेच्या इमारतीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी काढणारी, गावातले प्रत्येक घर आणि प्रत्येक भाऊबंदकी माहीत असणारी ही मंडळे आहेत. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात गमावलेल्या आपल्या ४६ माणसांची आठवण शंभर वर्षे सांभाळली. आपल्या तालुक्यांना तेवढे जमायला हरकत नाही. यादी मराठीत, गाववार छापावी. कोण कोणत्या आघाडीवर पडला ते लिहावे, वय लिहावे, घरी कोण होते तेही मिळेल तिथे लिहावे. जातीनुसार ती वेगळी पाडू नये. मराठा, महार आणि इतर सगळ्या पलटणींतले एकत्र घ्यावेत. आणि तिच्यातच १९४२ च्या चळवळीत त्या तालुक्यातून गेलेल्यांची नावेही असावीत, म्हणजे कर्जत-माथेरानच्या पानावर भाई कोतवाल असतील आणि माणगावच्या पानावर यशवंत घाडगे. घाडग्यांच्या सेक्शनमधल्या ज्या माणसांची नावे पदकाच्या नोंदीत आली नाहीत, त्यांच्यातले जे त्या दिवशी मेले तेही कोणत्या ना कोणत्या तालुक्याच्या यादीत असणारच. १० जुलै १९४४ ही तारीख, तिसरी पलटण आणि इटली एवढ्या तीन खुणांवरून त्यांना शोधता येईल. सुरुवात तिथून करावी.